मुठींतील चलचित्र व त्याचा उद्यांचा मार्ग

अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरीं १८९४ सालीं एडिसनच्या ‘किनेटोस्कोप’ यंत्राचें पहिलें दुकान उघडलें, तेव्हां चलचित्र पाहणाराला एका पेटीवर ओणवें होऊन भिंगांतून एकट्यानेंच आंत पाहावें लागे. पुढल्याच वर्षीं पॅरिस येथें ल्युमिएर बंधूंनीं पडद्यावर चित्रें पाडून तीं सर्वांस एकदम दाखविलीं, आणि १८९६ च्या ७ जुलैस तोच खेळ मुंबईंत वॉटसन हॉटेलांत झाला. एकट्याची पेटी मागें पडली व समुदायाचा पडदा पुढें आला. आज मोबाइलनें पुन्हा प्रत्येकाच्या हातीं एकेक पेटी दिली आहे. ती पुढें कोणतें रूप घेईल, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनींही करण्याजोगा आहे. कारण ज्ञानाची वाट कोणास खुली राहील व कोणास बंद होईल, हेंही त्यांत गुंतलेलें आहे.

प्रथम थोडें गणित करूं. मोबाइलवरील उत्तम प्रतीचें एक चित्र म्हणजे रुंदींत १९२० व उंचींत १०८०, एकूण २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात, आणि गति अखंड भासावी म्हणून अशीं चित्रें सेकंदाला साधारणतः २५ दाखवावीं लागतात. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारें १२४ कोटी बिट होतात. हें ओझें जसेंच्या तसें वाहणें सामान्य जोडणीस झेपणारें नाहीं. म्हणून संक्षेपाची युक्ति योजावी लागते. गुरुजी फळ्यापुढें उभे राहून भूमितीचा सिद्धांत शिकवीत आहेत असें समजा. फळा, भिंत, खिडकी यांत क्षणाक्षणाला कांहींच पालट होत नाहीं. हालतो तो केवळ हात. तेव्हां एक चित्र पूर्ण पाठवावयाचें, व पुढील चित्रांपुरतें ‘हा तुकडा इतका उजवीकडे सरकला’ एवढेंच कळवावयाचें. २००३ सालीं ठरलेल्या एच्. २६४ नांवाच्या पद्धतीनें हें ओझें सुमारें ५० लक्ष बिटांवर आणतां येतें, म्हणजे जवळजवळ अडीचशेंवा हिस्सा! २०१३, २०१८ व २०२० सालीं याहून काटकसरीच्या पद्धती निघाल्या. मात्र त्यांचा उलगडा नीट होण्यास बहुधा फोनांत नवी चिप लागते, म्हणून गरिबाच्या जुन्या फोनास हा लाभ उशिरां पोंचतो. (पावसाळ्यांतील समुद्राच्या लाटा मात्र या युक्तीला फारशी दाद देत नाहींत, तेथें सारेंच हालतें.)

आतां दुसरी बाब. इंटरनेटवरून चलचित्र येतें तें प्रत्येकास निरनिराळें येतें. एका टॉवरच्या छायेंतील दोनशें विद्यार्थी एकच धडा पाहत असले, तरी सामान्यतः तो दोनशें वेळां पाठवावा लागतो. जणूं शाळेचा शिपाई प्रत्येक मुलाच्या कानाशीं जाऊन ‘वर्ग भरला’ असें सांगत आहे! टॉवरची शक्ति सेकंदाला १० कोटी बिटांची धरल्यास वरील हिशेबानें वीसच जणांचें समाधान होईल. २०२० सालीं शाळा बंद असतां याचा प्रत्यय पुष्कळांस आला. सिंधुदुर्गांतील डोंगरी गांवांत तर संदेश घरींच पोंचेना, म्हणून कित्येक मुलांना धड्यासाठीं टेकडी चढावी लागली. उलट घंटा वाजविली तर ती पन्नासांस ऐकूं येते, पांचशेंसही येते. शिपायास श्रम तेवढेच. आकाशवाणीचें तत्त्व हेंच.

तें मोबाइलला लावण्याचे प्रयत्न नवे नाहींत. जपानांत ते २००६ सालीं ‘वन्-सेग’ या नांवानें सुरू झाले. अमेरिकेंतील मीडियाफ्लो सेवेला निराळें ग्रहणयंत्र व निराळी वर्गणी लागे. ती २०११ च्या मार्चांत बंद पडली. पुढें क्विबी नांवाच्या कंपनीनें मोबाइलसाठीं दहा मिनिटांच्या आंतील नाट्यचित्रें करण्यांत अफाट पैसा ओतला. ती २०२० च्या एप्रिलांत सुरू होऊन डिसेंबरांत मिटली. भविष्य वर्तविणाऱ्यांनीं हीं उदाहरणें उशाशीं ठेवावींत.

भारतांत आय्. आय्. टी. कानपूरच्या सहभागानें ‘डायरेक्ट टू मोबाइल’ पद्धतीचे प्रयोग झाले. २०२३ सालीं ते बंगळूर, नवी दिल्ली व नोएडा येथें करण्यांत आले. उंच मनोऱ्यावरून निघालेला संदेश इंटरनेटवांचून, सिमकार्डावांचूनही, थेट फोनांत उतरावा अशी ही योजना. अडचण मोठी आहे: त्यासाठीं फोनांत निराळी चिप व अँटेना हवी, आणि किंमत वाढेल म्हणून फोन करणाऱ्या कंपन्यांनीं नाखुषी दाखविली. आमच्या मतें ही चिप प्रथम स्वस्त फोनांतच घालावी. ज्याच्या घरीं वेगवान जोडणी आहे, त्यास तिची गरजच थोडी. शिवाय सर्वांनीं एकच धडा पाहिला, तर दुसऱ्या दिवशीं त्याविषयीं एकमेकांशीं बोलतां येतें. इंटरनेटवर यंत्र प्रत्येकाची आवड हेरून निराळें ताट वाढतें, आणि एकाच घरांतील भावंडांनीं काल काय पाहिलें हें एकमेकांस ठाऊक नसतें.

या घंटेला एक उणीव आहे खरी. सिद्धांत न समजल्यास टेकडीच्या पायथ्याशीं बसलेलें मूल हात वर करूं शकत नाहीं. मनोरा बोलतो, ऐकत नाहीं. त्यासाठीं जुनी जोडणी राखावीच लागेल. पण प्रश्नाचें ओझें तें किती? शंभर देवनागरी चिन्हांचा प्रश्न २,४०० बिटांत मावतो, म्हणजे चित्रांतील अवघ्या शंभर ठिपक्यांएवढा. तो अगदीं मंद जोडणीवरूनही जातो.