काळी माती व प्लॅस्टिकचा कागद

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, हें वाचकांस ठाऊकच आहे. महसूलखात्यांत असतां जमिनीच्या प्रतींचे उतारे आम्हीं पुष्कळ लिहिले. परंतु या फुगण्याचें कारण आम्हांस मागाहून कळलें. काळ्या मातींत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती असते. तिचा कण वहीसारखा पानापानांचा असून एकेक पान सुमारें १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहालक्षांश, जाड असतें. पानांमध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते.

याच पानांमध्यें प्लॅस्टिक शिरविण्याचें काम जपानांतील टोयोटाच्या प्रयोगशाळेनें १९८० च्या दशकांत नायलॉनच्या बाबतींत साधलें. पॉलिथिनला मात्र मातीचें वावडें. म्हणून शुद्ध माती प्रथम विशिष्ट अमोनियम क्षारांनीं तेलाशीं मिळती करून घेतात. नंतर दोन मळसूत्री दांड्यांच्या तप्त यंत्रांत पॉलिथिन वितळत असतां पेरॉक्साइडच्या योगें त्यास मॅलेइक अॅनहायड्राइड जोडतात व माती मिसळतात. मळल्यानें पानें सुटून पसरतात. शेंकडा तीन ते पांच मातीहि पुरते. आडव्या पानांमुळें वायूस व वाफेस वळसे घालून जावें लागतें.

शेततळ्याचें पाणी मात्र बहुधा फाटलेल्या जागेंतून व कच्च्या सांध्यांतून झिरपतें, किंवा वरच्या वर वाफ होऊन उडतें. त्यांवर हा उपाय नव्हे. यास्तव ‘नॅनो’ शब्दास भुलून, सातबारावर कर्जाचा बोजा चढवून महाग कागद घेण्यापूर्वीं जाडी, सांध्यांची परीक्षा व उन्हांत टिकण्याची हमी लेखी मागून घ्यावी.