डाव्या बरगडीखालची पानथरी

संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत सातपुड्याला लागून असलेल्या कोरकू, निहाल, भिलाला वस्त्यांवर आम्ही सिकलसेलविषयी बोलतो, तेव्हा बाया शांतपणे ऐकून घेतात. एकदा एका आईने विचारले, "ताई, रक्ताचा आजार म्हणता, मग लेकराचं पोट कशानं फुगलं?" मला उत्तर आले नाही. माझी पदविका धर्मशास्त्राची. रक्ताविषयी लेवीयच्या सतराव्या अध्यायापलीकडे फारसे ठाऊक नव्हते. पुढे एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला मिळाला. तिथे शिकले ते वाचकांपुढे ठेवते.

रक्त हीदेखील एक ऊतीच आहे, फक्त वाहणारी. काचपट्टीवर थेंब घेऊन दुसऱ्या काचेच्या कडेने पातळ ओढतात, वाळवून रंग देतात. मग लाल पेशी दिसतात : मधे दबलेल्या गोल चकत्या, रुंदी 7 ते 8 मायक्रॉन. हाडांच्या मज्जेत तयार होतानाच पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते. त्यामुळे ती लवचीक राहते, अरुंद वाटेतून अंग चोरून निघते आणि सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णात ऑक्सिजन कमी पडला की आतल्या हिमोग्लोबिनच्या ताठ काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ती जेमतेम 10 ते 20 दिवस टिकते.

आता पोटाकडे येऊ. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते, हे सगळ्यांना माहीत आहे. ती सुजलेली लसिका ग्रंथी. ती लसिका गाळते. रक्त गाळणारी चाळणी म्हणजे पानथरी, पुस्तकातली प्लीहा. तिच्या पांढऱ्या भागात जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. लाल भागात पेशीहून कितीतरी अरुंद फटी असतात. निरोगी पेशी त्यांतून निसटते, विळ्यासारखी ताठ पेशी अडकते. कधी काही तासांतच पुष्कळ रक्त तिथे तुंबते, बाळ पांढरेफटक पडते, पोटाची डावी बाजू फुगते. अशा वेळी उशीर झाला तर मूल दगावते.

शेजारच्या मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याचे चटके देतात. त्याला डंभा म्हणतात. या प्रथेचा मला राग येतो, पण आजीची नजर पोटावर गेली ती उगाच नव्हे, हेही कबूल केले पाहिजे. गरज असते रक्त देण्याची, आणि ती सोय रुग्णालयातच असते.

वारंवार रक्त अडून पानथरीची ऊती मरत जाते आणि तिच्या जागी वण उरतो. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत ती मोठी दिसत राहते, पण मोठी म्हणजे कामाची असे नव्हे. रखवालदार गेला की न्यूमोकोकससारखे जंतू रक्तात झपाट्याने वाढतात. म्हणून सिकलसेलच्या मुलाला 101 अंशांवर ताप आला तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. न्यूमोकोकसची लस आणि डॉक्टरांनी दिलेले पेनिसिलिन चुकवू नये.

पानथरी आईलाही तपासता येते. बाळाला पाठीवर निजवून गुडघे दुमडावेत आणि डाव्या बरगडीखाली बोटांची टोके हलकेच ठेवावीत, दाबू नये. रोज पाहिले की वाढ ओळखू येते. हिवतापानेही ती वाढते, त्यामुळे निदान मात्र डॉक्टरांवर सोडावे.

शिबिरात रक्ताची नळी गढूळ झाली म्हणून एका मुलीची सोयरीक मोडल्याचे मी पाहिले आहे. वाहकाचे आणि रुग्णाचे, दोघांचेही रक्त या चाचणीत गढूळ दिसते. फरक इलेक्ट्रोफोरेसिसने किंवा एचपीएलसीने कळतो. ती मुलगी नुसती वाहक निघाली. वाहक सहसा निरोगीच असतो. आईवडील दोघेही वाहक असतील तर मात्र दर बाळंतपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. पाप कोणाचे, हा योहानाच्या नवव्या अध्यायातला शिष्यांचा प्रश्न आमच्या पाड्यांवर अजून विचारला जातो.

त्या आईकडे मी नंतर गेले. तिने बाळ घोंगडीवर निजवले, माझ्याआधी स्वतःच हात ठेवला आणि विचारले, "इथंच ना, ताई?"