दंतवैद्याची भीती आणि कायदा

१९९४ साली अमेरिकेतील मेन राज्यात, बँगोर गावी, एक स्त्री दात दाखविण्यास गेली. आपल्या रक्तात एड्सचा विषाणू आहे, हे तिनेच लिहून दिले होते. किडलेला दात इस्पितळातच भरीन आणि तेथील खर्च तुम्ही सोसा, असे दंतवैद्याने सांगितले.

ती बाह्यतः धडधाकट. मग तिला १९९० चा अपंगांचा कायदा लागू कसा? जीवनातील एखादे प्रमुख कार्य व्याधीने फार मर्यादित होणे, हेच त्या कायद्याने अपंगत्व होय. अपत्यप्राप्ती हे तसे कार्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ५ विरुद्ध ४ मतांनी ठरविले. वैद्याची भीती प्रामाणिक असेलही. परंतु धोका शास्त्रीय पुराव्यानेच सिद्ध झाला पाहिजे, असेही न्यायमूर्तींनी बजावले. माझ्या मते खटल्याचे मर्म हेच. तो पुरावा तपासण्यास प्रकरण खालच्या न्यायालयाकडे गेले, आणि तेथे त्याच वर्षी वैद्य हरला.

आपल्या देशात अशा रुग्णास उपचार नाकारणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध केले आहे.