वरून वाळलेला कोबा

अकोल्यात ताईने जुन्या घरामागे एक खोली वाढवली आणि तिथे लाकडी फ्लोअरिंग टाकायचं ठरवलं. मार्चअखेर कोबा पडला, मेमध्ये फळ्या बसल्या. भाऊजींनी ओलीचा विषय काढला तर ठेकेदार हसला. “पंचेचाळीसचं ऊन हाये भाऊ, कोबा कवाचाच वाळला. काऊन भेता?” पोळ्यापर्यंत फळ्या फुगून खोलीच्या मधोमध उचलल्या गेल्या. उचकटून पाहिलं तर त्यांच्या पाठीवर काळी बुरशी आणि कोब्यावर पांढरा खार.

अमरावतीत मलाही खोली वाढवायची होती, म्हणून ती उचकटलेली जमीन मी बारकाईने पाहिली.

आपलं ऊनच फसवतं. कोब्यातलं पाणी वरच्या अंगानेच बाहेर पडतं. झळ लागून वरचा थर खडखडीत होतो, पोट ओलंच राहतं. इंचाला महिना हा ढोबळ हिशेब. चार इंची कोब्याला निदान चार महिने हवेत, तेही क्युरिंग संपून वर छत आल्यावर मोजायचे. भरावाचा मुरूम पाणी मारून धुमसलेला असतो, ते पाणी तर कुणी हिशेबात धरतच नाही. मात्र लवकर वाळावं म्हणून क्युरिंग आखडू नका. कोरड्या उन्हाळ्यात काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ किमान १० दिवस सांगतं, पीपीसी सिमेंटला १४.

बांधकामाचं पाणी निदान थांबलं की वाळतं. जमिनीतली ओल वाळत नाही, कारण दर पावसाळ्यात ती नवी येते. काळी माती पाणी धरून ठेवते आणि ते कोब्यातून वर चढतं. ते अडवावंच लागतं: काळी माती काढून मुरूम, त्यावर दगडी सोलिंग, फटी भरून वर वाळूचा पातळ थर, मग २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद आणि त्यावर कोबा. वाळू नसेल तर दगडाची टोकं कागद फाडतात. कागदाचे जोड अर्धा फूट एकमेकांवर घ्या, कडा वर वळवून जुन्या जोत्याच्या डीपीसीला, म्हणजे ओल अडवणाऱ्या थराला, भिडवा. वाढीव खोलीचं खरं दुखणं याच सांध्यात असतं. काळी माती फुगते, आटते, नवं जोतं थोडं बसतं आणि सांधा उघडतो. तिथे सिमेंट लिंपलं तर पुन्हा तडकतं. लवचिक सीलंट भरा. ताईकडे नेमकं त्याच सांध्याबाहेर कढीपत्त्याचं आळं होतं, रोज पाणी पिणारं!

आणि तो खार? कामाला टँकर कुठून भरून आला, हे कुणी विचारलंच नव्हतं. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्यापर्यंत पसरलाय. तिथलं बोअरचं पाणी कोब्यात कालवलं की क्षार आतच राहतात आणि पावसाळी हवेतला दमटपणा ओढून घेतात. आयएस ४५६ प्रमाणे पाण्यात क्लोराइड साध्या काँक्रीटला लिटरमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, सळईच्या कामाला फक्त ५००. पाणी तपासायला फार खर्च येत नाही.

तळहात टेकवून ओल कळत नाही. दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर बसवा, ऊन न पडणाऱ्या जागी, पूर्ण दिवसरात्र. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर थांबा. न दिसला तरी पोटाची खात्री होत नाही. त्यासाठी जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडून आतली आर्द्रता मोजतात. ७५ टक्क्यांखाली असावी, किंवा फळ्यांची कंपनी सांगेल तेवढी. फ्लोअरिंगवाल्याकडे हे यंत्र नसेल तर दुसरा पाहा.

खारपाणपट्ट्यात तळमजल्यावर लाकडाच्या फंदात पडूच नये, असं माझं मत झालंय. ताईने शेवटी टाइल्स बसवल्या.

मी अमरावतीच्या खोलीत कोब्यावरून एक अख्खा पावसाळा जाऊ दिला आणि मोजणी करून दिवाळीनंतर फळ्या टाकल्या. मेमध्ये लाकूड सर्वांत आटलेलं असतं, तेव्हा भिंतीला भिडवलं तर श्रावणात फुगायला जागा उरत नाही. कधीही टाका, भिंतीलगत १० मिलिमीटर फट हवीच. स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. सुताराचा शेवटचा हप्ता मी पुढचा पोळा होईपर्यंत राखून ठेवला. तो कुरकुरला, पण आधीच ठरलेलं होतं.