दाब बारा व्होल्ट, तरी पंप गप्प का?

वैशाखातल्या एखाद्या संध्याकाळी अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला मोटारीने निघालात, तर मावळता सूर्य बराच वेळ तुमच्या अगदी समोर राहतो. त्यातच काचेवर काळ्या मातीची धूळ बसलेली असेल, तर तिच्या कणाकणावरून प्रकाश विखुरतो आणि सारी काच पांढरी होऊन जाते. पुढची बैलगाडी दिसेनाशी होते. अशा वेळी नुसता वायपर फिरवला, तर कोरडी धूळ काचेवर ओरखडे पाडते. आधी पाणी उडाले पाहिजे. आणि जुन्या गाडीत नेमका हा पाणी उडवणारा पंपच गप्प बसलेला असतो!

पंप म्हणजे पाण्याच्या बाटलीला जोडलेली एक छोटी विजेची मोटर. बहुतेक जुन्या गाड्यांत तिला दोन तारा असतात. एक तार बॅटरीपासून फ्यूज व बटण यांमधून येते. दुसरी गाडीच्या पत्र्यावर स्क्रूने आवळलेली असते. गाडीचा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असल्यामुळे परतीच्या तारेचे काम पत्राच करतो. मेकॅनिक या जोडाला ‘अर्थ’ म्हणतात; जमिनीशी त्याचा काही संबंध नाही.

प्रथम कानांचा उपयोग करा. किल्ली फिरवून, इंजिन बंद ठेवून बटण दाबा. पंप गुरगुरला पण पाणी आले नाही, तर दोष विजेचा नव्हे. बाटली रिकामी असेल, नळी निसटली असेल किंवा फवाऱ्याचे भोक क्षाराने बुजले असेल. ते टाचणीने मोकळे होते. आवाजच आला नाही तर फ्यूज पाहा. जळालेला असेल तर तितक्याच अँपिअरचा नवा बसवा. त्याजागी तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण.

फ्यूज चांगला आहे, तरीही पंप गप्प. मग पंपाच्या तारा सुट्या करून त्यांच्या टोकांना मीटर लावला जातो. बटण दाबताच मीटर दाखवतो १२ व्होल्ट. “वीज येते आहे, पंपच गेला,” असा निकाल लागतो आणि नवा पंप आणला जातो. तोही फिरत नाही! असे का व्हावे?

समजा, पंप १२ व्होल्टवर ३ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याचा रोध ४ ओहम धरू. (फिरणाऱ्या मोटरला ओहमचा नियम इतका सरळ लागू पडत नाही, पण आपल्या हिशेबाला एवढे पुरे.) आता पत्र्यावरचा जोड गंजून त्याचा रोध ८ ओहम झाला आहे. एकूण रोध १२ ओहम, म्हणून प्रवाह फक्त १ अँपिअर. त्यामुळे ८ व्होल्ट गंजलेल्या जोडावरच खर्च होतात आणि पंपाच्या वाट्याला ४ व्होल्ट येतात. तेवढ्यावर तो हलत नाही. मीटरचा रोध मात्र सुमारे एक कोटी ओहम असतो. त्याच्यातून जाणारा प्रवाह इतका क्षुल्लक, की जोडावर एका व्होल्टचा जेमतेम एक लक्षांश भाग खर्ची पडतो. मीटर १२ व्होल्टच दाखवणार. तो खोटे बोलत नाही. प्रश्नच आपण चुकीचा विचारलेला असतो.

योग्य प्रश्न विचारायचा तर मंडलात प्रवाह वाहत असला पाहिजे. मीटरऐवजी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब तारांना जोडा. तो साधारण पावणेदोन अँपिअर मागतो. जोड खराब असेल तर तो मिणमिणतो. किंवा पंप जोडलेलाच ठेवून, बटण दाबून, पंपाचे ‘अर्थ’ टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये मीटर लावा. तेथे जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. कित्येक व्होल्ट दिसले, तर चोर याच वाटेवर आहे.

हा गंज आमच्या वऱ्हाडात जरा जास्तच का दिसावा? दर्यापूर, अकोट हा पूर्णेच्या खोऱ्यातला भाग खारपाण पट्ट्यात येतो. तेथील विहिरींचे खारे पाणी बाटलीत भरले जाते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, पंपाखालचे रबर कडक होते आणि पाणी थेंबथेंब जोडावर झिरपते. तांब्याची किंवा पितळेची कडी, लोखंडी पत्रा आणि मध्ये खारे पाणी म्हणजे एक छोटा विद्युतघटच! त्यात लोखंड झिजते, गंज साठतो आणि गंज विजेचा वाईट वाहक आहे.

दुरुस्तीला मात्र खर्च नाही. बॅटरीची ऋण तार सोडवा, स्क्रू काढा, कडी आणि पत्रा दोन्ही सँडपेपरने चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा व वरून व्हॅसलिन लावा. गळके रबर बदला. बाटलीत विहिरीच्या पाण्याऐवजी साठवलेले पावसाचे पाणी गाळून घाला.

गाडी नसली तरी हा प्रयोग वर्गात होतो. टॉर्चचे दोन सेल, तारेचा जुना बल्ब (एलईडी चालणार नाही) आणि ‘गंजलेला जोड’ म्हणून दोन्ही बाजूंनी तासलेली पेन्सिल घ्या. तिघांचे एकसर मंडल करा. बल्ब मंद का झाला ते मीटरने बल्बवर व पेन्सिलवर निरनिराळे मोजून पाहा. मग बल्ब काढून त्याच्या जागी मीटर लावा आणि तीनही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.