शेवटच्या स्पर्धकाची वाट पाहणारा विजेता

स्वित्झर्लंड देशाच्या पूर्व टोकाला, इटलीच्या सीमेलगत, म्युस्टाइर नावाचे एक डोंगरी खोरे आहे. तेथे १९८६ साली दारिओ कोलोन्या याचा जन्म झाला. हिवाळ्यात हे खोरे बर्फाने झाकून जाते. बर्फावरून जाण्यासाठी लोक पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधतात. त्यांना ‘स्की’ म्हणतात. दोन्ही हातांत काठ्या घेऊन, चढ चढत आणि उतार उतरत कित्येक किलोमीटर धावावयाचे, अशी या खेळाची एक शर्यत असते. तीत मनुष्याच्या दमाची खरी कसोटी लागते.

डोंगरउतारावरून वेगाने घसरत येण्याच्या खेळात स्विस लोक पूर्वीपासून निष्णात होते. परंतु लांब पल्ल्याच्या शर्यतीत ऑलिंपिकचे सुवर्णपदक त्यांना कधी लाभले नव्हते. २०१० साली कॅनडात दारिओने १५ किलोमीटरची शर्यत जिंकून ती उणीव भरून काढली. वृत्तपत्रे त्याला कौतुकाने ‘सुपर दारिओ’ म्हणू लागली. २०१३ साली देशातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही त्याला मिळाला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच्या घोट्याला मोठी इजा झाली. शस्त्रक्रिया करावी लागली. ऑलिंपिक सामने अवघ्या तीन महिन्यांवर आले होते! तरीही फेब्रुवारी २०१४ मध्ये, रशियातील सोची येथे, त्याने दोन सुवर्णपदके पटकावली.

त्यांपैकी १५ किलोमीटरच्या शर्यतीत पेरू देशाचा रॉबेर्तो कार्सेलेन हाही धावत होता. त्याचे वय चाळिशीच्या पुढे गेलेले, आणि बरगड्या मोडलेल्या. एक एक पाऊल वेदनेचे होते. पण त्याने शर्यत सोडली नाही. विजेत्यापेक्षा त्याला जवळजवळ अर्धा तास अधिक लागला. तो सर्वांच्या शेवटी आला.

अंतिम रेषेवर त्याच्या स्वागताला कोण उभे होते? स्वतः दारिओ! तो निघून गेला असता, तरी कोणी त्याला बोल लावला नसता. परंतु तो थांबला. पहिल्या आलेल्याने शेवटी आलेल्याचा हात प्रेमाने हाती घेतला. त्या दोघांचे छायाचित्र देशोदेशी पोहोचले.

पुढे २०१८ साली दारिओने तीच शर्यत तिसऱ्यांदा जिंकली. त्याची ऑलिंपिक सुवर्णपदके चार झाली. २०२२ साली तो स्पर्धांतून निवृत्त झाला. पदकांमुळे त्याला कीर्ती मिळाली. पण ज्या देशांत या खेळाचे नावही फारसे ठाऊक नाही, तेथील लोकांच्या मनात त्याला स्थान मिळाले, ते त्या एका हस्तांदोलनामुळे. पंधरा किलोमीटर धावण्याचे श्रम दोघांचेही सारखेच होते, हे विजेत्याने जाणले होते.

स्वाध्याय
१. सोचीच्या सामन्यांपूर्वी दारिओवर कोणते संकट आले?
२. दारिओ अंतिम रेषेवर का थांबला असावा? तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘बोल लावणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.