कार्बनबिंदु व खाडीकांठची जमीन

पिकांवर कार्बनबिंदु फवारावे, असें अलीकडे ऐकूं येतें. मोरवा, राई, मुर्धे या भाईंदरकडील खाडीकांठच्या गांवीं जमिनीचें मुख्य दुखणें खार हेंच होय. तेव्हां असल्या जमिनींत या पदार्थाचा कितपत उपयोग, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

कार्बन म्हणजे कोळसा व काजळी यांतील मुख्य द्रव्य. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां एका भागास नॅनोमीटर म्हणतात; बहुतेक कार्बनबिंदु असल्या दहा भागांहूनही लहान असतात. २००४ सालीं अमेरिकेंत विजेच्या ठिणगीनें तयार केलेल्या काजळीचें शुद्धीकरण चाललें असतां ते अकस्मात् सांपडले. काजळी पाण्यांत मिसळत नाहीं. हे बिंदु मात्र सहज मिसळतात, आणि अतिनील किरण पडले असतां निळा किंवा हिरवा प्रकाश देतात. ते करण्यास महाग द्रव्येंच लागतात असें नाहीं. आपल्याच ठाणें जिल्ह्यांत, अंबरनाथ येथील संशोधकांनीं शिंगाड्याच्या सालींच्या अर्कापासून ते तयार केल्याचें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें.

पाण्यांत पारा किंवा लोह असल्यास या बिंदूंचा प्रकाश मंदावतो. त्यावरून पाणी पारखतां येतें. आमच्या मतें शेतकऱ्यास हाच उपयोग पुढें अधिक मोलाचा ठरेल.

पिकांची गोष्ट निराळी. अतिनील किरण पानांतील हरितद्रव्याच्या फारसे कामीं येत नाहींत. कार्बनबिंदु ते शोषून निळा प्रकाश देतात, व तो हरितद्रव्यास घेतां येतो. चिनी संशोधकांनीं २०१८ सालीं भातावरील प्रयोगांत १४.८ टक्के अधिक उत्पन्न नोंदविलें. परंतु मात्रा फार झाल्यास रोपांची वाढ खुंटते, असेंही मक्यावर दिसून आलें आहे. शिवाय हें खत नव्हे. इफकोचा नॅनो युरिया हा नत्राचा पदार्थ असून त्याचा याच्याशीं संबंध नाहीं.

खार सोसण्यास या फवाऱ्यानें रोपांस मदत होते, असें कांहीं प्रयोग सांगतात. तथापि रोपानें मीठ सोसणें वेगळें आणि जमिनींतून मीठ जाणें वेगळें. त्यासाठीं भरतीचें पाणी बांधानें अडवावें, पावसाचें गोडें पाणी खाचरांत कोंडावें व ओहोटीस उघाडीवाटे सोडून द्यावें लागतें. बांध फुटका ठेवून बाटलीस पैसे देणें हा निव्वळ तोटा.

ज्यांस प्रयोग करावयाचाच असेल, त्यांनीं एकाच खाचराचे दोन सारखे भाग करावे. एकावर फवारा व दुसऱ्यावर तितकेंच साधें पाणी मारावें, आणि झोडणीनंतर दोहोंचें भात निरनिराळें तोलावें.